परदेशी गावात एकटीनं काढलेला दिवस (आणि कांद्याचं एक कोडं)

गोदाकाठची

जुलैत कंपनीच्या कामानं पंधरा दिवस जर्मनीत होते, न्यूरेंबर्गला. नाशिकजवळच्या अंबडच्या आमच्या कारखान्यातून चौघं गेलो होतो. मधल्या शनिवारी सुट्टी मिळाली. बाकीचे तिघं पहाटेच म्युनिकला निघाले, मलाही चल म्हणाले. मी नाही म्हटलं. सकाळी सातपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सतत माणसांतच होते, एक दिवस कुणाशी न बोलता काढावासा वाटत होता. नकाशात पाहिलं तर गाडीनं तासाभरावर बांबेर्ग नावाचं गाव दिसलं. नदी गावाच्या मधून जाते एवढ्यावरच ठरवलं. माझं माहेर पंचवटीतलं. नदी नसलेलं गाव मला अर्धवट वाटतं.

नदीचं नाव रेग्निट्झ. तिथली जुनी नगरपालिका चक्क नदीच्या पात्रात उभी आहे, दोन्ही बाजूंना पूल. दंतकथा अशी की बिशपनं नगरपालिकेसाठी जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा गावकऱ्यांनी पात्रात खांब ठोकून स्वतःचं बेट तयार केलं. भिंतींवर १७५५ सालची चित्रं आहेत. त्यातल्या एका देवदूत बाळाचा पाय खराखुरा, घडवलेला, भिंतीतून बाहेर आलेला आहे! बाकी सगळं बाळ रंगवलेलं आणि पाय तेवढा बाहेर. तो शोधून झाल्यावर मी पुलाच्या कठड्याला टेकून तासभर उभी होते. येणारे जाणारे तो पाय कधी ओळखतात ते पाहत. लहान मुलांना लगेच दिसतो, मोठ्यांना दाखवावा लागतो.

मग टेकडी चढून कॅथेड्रलमध्ये गेले. हाइनरिश दुसरा हा सम्राट आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची समाधी तिथं आहे. तिच्या बाजूंवर कोरलेल्या प्रसंगांत राणी तापलेल्या लोखंडावरून अनवाणी चालतेय. तिच्या चारित्र्यावर संशय घेतला गेला होता आणि तिनं असं चालून स्वतःला निर्दोष सिद्ध केलं, अशी कथा. पंचवटीतल्या सीतागुंफेपासून चार गल्ल्यांवर वाढलेल्या बाईनं हे बघून काय करावं? मी तिथल्या बाकावर बसले. बराच वेळ बसले.

दुपारी बाजारातून पाव, चीज आणि चेरी घेतल्या आणि नदीकाठी बसून खाल्ल्या. चारच्या सुमारास स्टेशनकडे परत निघाले आणि रस्ता चुकले, ते बरं झालं. एका वस्तीत आले तर रस्त्याला लागून बुटकी घरं, प्रत्येकाला बैलगाडी जाईल एवढं लाकडी फाटक. एक फाटक उघडं होतं. आत डोकावले तर मागं शेत! भर गावात वाफे, कोबी, मुळे, पात, पार लांबपर्यंत. पंचाहत्तरीच्या एक आजी भाजी मांडून बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी नाही, मला जर्मन कामापुरतंसुद्धा नाही. मी कांद्याच्या ढिगाकडे बोट दाखवून "इंडिया, नाशिक" म्हटलं आणि मोबाईलवर लासलगाव बाजारातल्या ट्रॅक्टरांच्या रांगांचा फोटो शोधून दाखवला.

आजी इतक्या हसल्या! आधी कांद्याकडे, मग स्वतःकडे, मग हात फिरवून सगळ्या गावाकडे बोट दाखवलं. नंतर कमरेवर हात ठेवून जागच्या जागी पाय आपटत चालायला लागल्या, एक पाय इकडे, एक तिकडे. मला वाटलं त्या नाच शिकवताहेत. मीही त्यांच्यासोबत अर्धा मिनिट पाय आपटले. मग त्यांनी दोन कांदे माझ्या पिशवीत घातले, पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर जो तो विचारतो, "काय काय बघितलंस?" वहिनी म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन म्युनिक सोडलंस?" माझ्याकडे सांगायला यादी नाही. पण पंधरा दिवसांतला तोच एक दिवस मला तासातासानं आठवतो.

तुम्ही असा दिवस कधी काढला आहे का? कुठं? एकट्यानं काय करता? आणि आजींचं ते पाय आपटणं काय होतं, कुणाला कळलं तर कृपया सांगा.

उगाचच

वा! नाशिककर जगात कुठंही गेला तरी कांद्याच्या ढिगापाशी थांबणारच. भाव विचारलात की नाही?

गोदाकाठची

@उगाचच, भाव पाटीवर लिहिलेला होता. मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि मामांना फोन करून सांगितला. ते म्हणाले, "इथं सांगू नकोस कुणाला, लोक ट्रॅक्टर घेऊन निघतील."

चौकस

लेखन छान आहे, पण माझं मत वेगळं आहे. म्युनिकला डॉइचेस म्युझियम आहे, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या जगातल्या मोठ्या संग्रहालयांपैकी एक, १९०३ मध्ये स्थापन झालेलं. कारखान्यात काम करणाऱ्या माणसानं ते दीड-दोनशे किलोमीटरवर असताना सोडावं हे मला पटत नाही. तिथं पुन्हा जाणं होईलच असं नाही. पूल, नदी, भाजीबाजार इथंही आहेत. जे इथं नाही ते बघावं.

रानवारा

मी श्रीलंकेत गॉलला असा दिवस काढला आहे. नवऱ्याची कोलंबोला बैठक होती, मी सकाळच्या गाडीनं एकटीच गेले. समुद्राला इतकी चिकटून गाडी जाते की खिडकीतून तुषार येतात. गॉलचा किल्ला आधी पोर्तुगीजांनी बांधला, मग डचांनी वाढवला, आणि महत्त्वाचं म्हणजे आत अजून गाव राहतं. शाळा सुटते, दोरीवर कपडे वाळतात, मशिदीतून अजान येते. २००४ च्या त्सुनामीत बाहेरच्या गाव-बाजाराची दैना झाली पण तटबंदीनं आतलं गाव बरंचसं वाचवलं. मी तटावरून सगळी फेरी मारली, दीपस्तंभापाशी बसले, शाळकरी मुलांचं क्रिकेट बघितलं. बस, एवढंच.

बाईनं एकटीनं फिरताना मी काय पाळते ते सांगते, कारण पुढं कुणीतरी विचारेलच. घरी दर तासाला संदेश पाठवत नाही, दोन वेळा ठरवून देते, दुपारी दोन आणि परतीच्या गाडीत बसल्यावर. त्यामुळे त्यांनाही घोर नाही आणि माझंही लक्ष फोनमध्ये नाही. परतीची शेवटची गाडी नाही, तिच्या आधीची धरते. कुणी "एकट्याच का?" असं विचारलं तर "आमची माणसं हॉटेलवर आहेत" म्हणते. हे खोटं बोलताना मला काडीचाही संकोच वाटत नाही. आणि सुटी नाणी ठेवते, स्वच्छतागृहासाठी.

सिडकोचे काका

माझा अनुभव थोडा निराळा आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाबरोबर नेपाळला गेलो होतो. सौ. जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मुलांनी आग्रह करून पाठवलं. मंडळी सगळी चांगली, पण जोडपी. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असायची आणि तिच्यावर सगळ्यांच्या पिशव्या असायच्या. चौथ्या दिवशी सगळे खरेदीला निघाले. मी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि ते गेल्यावर टॅक्सी करून भक्तपूरला गेलो. काठमांडूपासून तेरा किलोमीटर.

तिथं न्यातापोल नावाचं पाच मजली देऊळ आहे, १७०२ मध्ये भूपतींद्र मल्ल राजानं बांधलेलं. वर जायला उंच पायऱ्या आणि प्रत्येक टप्प्यावर दगडी राखणदारांची जोडी. सगळ्यात खाली दोन पहिलवान, मग हत्ती, मग सिंह. समजूत अशी की प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान. २०१५ च्या भूकंपात आसपासची किती देवळं पडली, पण हे उभं राहिलं. मी हत्तींच्या टप्प्यापर्यंत चढलो आणि बसलो. खाली चौकात एक बाई धान्य वाळवत होती. तिचं कुत्रं त्यावर जायचं, ती हाकलायची, ते पुन्हा जायचं.

नंतर कुंभारांच्या चौकात गेलो. उन्हात शेकड्यानं मडकी मांडलेली. तिथलं दही प्रसिद्ध आहे, जुजु धौ म्हणतात, म्हणजे दह्यांचा राजा. मातीच्या भांड्यात लावतात. एक घेतलं, खाल्लं. सौ. असती तर तिनं विरजण कसं लावता हे त्या बाईला विचारल्याशिवाय पाय हलवला नसता. मग मीच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला विरजणाबद्दल विचारलं. ती बाई हिंदीत अर्धा तास सांगत होती. दूध आटवायचं, मडकं उबदार कापडात गुंडाळायचं, हलवायचं नाही.

आता नाशिकला घरी मी दर रविवारी मातीच्या भांड्यात दही लावतो. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून भांडी आणतो.

तेव्हा @चौकस, इथं जे आहे तेच तिथं जाऊन बघावं लागतं कधी कधी.

आईची लेक

काका, _/\_

पाणपोई

काका, भांडं नवीन असताना पाणी धरून ठेवता का आधी? माझं दही मातीच्या भांड्यात आंबट होतं.

सिडकोचे काका

@पाणपोई, हो. एक रात्र पाण्यात बुडवून ठेवायचं, मग उन्हात पूर्ण वाळवायचं. आणि दूध पूर्ण साय येईपर्यंत आटवा, कोमट असतानाच विरजा. आंबट होतं म्हणजे विरजण जास्त पडतंय किंवा जमल्यावर लगेच थंड जागी ठेवत नाही.

आईची लेक

धागाकर्तीचं लिखाण आवडलं, पण ग्रुप टूरबद्दल कुणी वाईट बोलायच्या आधीच सांगते. माझी आई वयाच्या ६६ व्या वर्षी पहिल्यांदा परदेशात गेली, ग्रुपबरोबरच. इंग्रजी येत नाही, मधुमेह आहे, वेळेवर वरणभात लागतो. तिला कुणी सांगितलं असतं की एकटी फिर, तर ती गेलीच नसती. एकट्यानं भटकायला भाषा लागते, प्रकृती लागते, आणि चुकलो तर निभावून नेऊ अशी खात्री लागते. ती सगळ्यांकडे नसते.

तरी एक गोष्ट. आई परत आल्यावर आयफेल टॉवरबद्दल दोन वाक्यं बोलली. आणि स्वित्झर्लंडमध्ये बस पंक्चर झाली तेव्हा रस्त्याकडेच्या घरातल्या बाईनं तिला अंगणातली गवती चहासारखी कसली तरी पानं दिली, त्याबद्दल अजून बोलते.

गोदाकाठची

@आईची लेक, तुमच्या आईंचं अगदी पटलं. माझ्या सासूबाईही ग्रुपबरोबरच गेल्या होत्या आणि खूश होऊन आल्या.

@चौकस, संग्रहालयाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मला ते बघायचंच आहे आणि धावतपळत नाही, पूर्ण दिवस देऊन. त्या शनिवारी माझ्यात संग्रहालय बघायची ताकद नव्हती. डोकं भरलेलं होतं. भरलेल्या हंड्यात पाणी ओतून काय उपयोग?

आजींचं कोडं अजून सुटलेलं नाही, लोकहो.

हिमवर्षाव

जपानमधलं ताकायामा. नागोयाहून गाडीनं अडीचएक तास, डोंगरातलं गाव. मी जानेवारीत गेलो होतो, गुडघाभर बर्फ. जुन्या गल्लीत काळपट लाकडी घरं, पुढं बारीक जाळीच्या खिडक्या. नाशिकच्या सराफ बाजारामागच्या जुन्या वाड्यांची आठवण आली, फक्त इथं ते जपून ठेवलेत. आपल्याकडे दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते.

तिथं दारूच्या भट्ट्यांच्या दारावर सुगी नावाच्या जपानी देवदाराच्या पानांचा मोठा गोल गोळा टांगतात. नवी साके तयार झाली की ताजा हिरवा गोळा लावायचा. महिने जातात तसा तो तपकिरी होत जातो आणि दारू मुरत आल्याचं गल्लीला कळतं. पाटी नाही, जाहिरात नाही. आपल्या द्राक्षवाल्यांनी असं काही सुरू करायला हवं, मी खरंच म्हणतोय.

पण मला एकटं फिरणं जड गेलं. दुपारपर्यंत मजा आली. मग एका दुकानात बसून गरम नूडल्स खाताना इतकं एकटं वाटलं की आईला फोन केला. तिकडे साडेपाच, इथं दोन. ती नुकती जेवून लवंडली होती. म्हणजे सगळ्यांना हे जमतंच असं नाही.

रानवारा

@हिमवर्षाव, जेवणाची वेळ ही सगळ्यात अवघड, अगदी बरोबर. म्हणून मी एकटी असते तेव्हा हॉटेलात बसून जेवत नाही, बाजारातून घेऊन बाकावर बसून खाते. टेबलासमोर रिकामी खुर्ची नको.

मास्तरीण

मी निवृत्त शिक्षिका. समाधीचा प्रसंग वाचून थांबले. कुनिगुंडे ज्या तापलेल्या लोखंडावरून चालली ते साधं लोखंड नव्हतं. कथेत ते नांगराचे फाळ आहेत. त्या काळी युरोपात दिव्य करायची ही एक रीत होती, तापलेले फाळ ओळीनं मांडायचे आणि त्यावरून चालायचं.

आणि आपल्याकडे 'सीता' या शब्दाचा अर्थच नांगरानं जमिनीत पडलेली रेघ. जनकानं भूमी नांगरली तेव्हा फाळाच्या तासातून ती वर आली. एकीला फाळानं जन्म दिला, दुसरीची परीक्षा फाळानं घेतली. दोघींवर आळ मात्र एकच. पंचवटीतल्या मुलीला ती समाधी बघून उठवेना यात मला नवल वाटत नाही.

पुढं त्या कुनिगुंडेला चर्चनं १२०० साली संतपद दिलं. तिच्या नवऱ्याला त्याआधी, ११४६ मध्ये.

गोदाकाठची

मास्तरीणबाई, अंगावर काटा आला. मी तिथं नुसती 'लोखंडी पट्ट्या' म्हणून बघून आले. फोटो पुन्हा काढून पाहिला, खरंच फाळ आहेत. पुढं निमुळते होत गेलेले. आणि राणीनं घागरा दोन्ही हातांनी जरासा उचलून धरलाय, पाण्यातून जाताना आपण साडी उचलतो तसा.

पाणपोई

अवांतर: नवऱ्याला ५४ वर्षं आधी संतपद. परीक्षा मात्र तिची.

एर्लांगेनकर

उशिरा आलो. मूळचा गंगापूर रोडचा, गेली सात वर्षं एर्लांगेनमध्ये, म्हणजे न्यूरेंबर्ग आणि बांबेर्गच्या मध्येच. धागा वाचून घरच्यासारखं वाटलं.

कोडं सुटलं! बांबेर्गच्या लोकांना आसपासची गावं 'त्स्वीबेलट्रेटर' म्हणतात. त्स्वीबेल म्हणजे कांदा, ट्रेटर म्हणजे तुडवणारा. कांदातुडवे! जुने माळी कांद्याची पात पायांनी तुडवून आडवी पाडायचे. सगळा जोर पानात न जाता खाली गड्ड्यात जावा, अशी त्यामागची समजूत. तेव्हा आजी तुम्हाला नाच शिकवत नव्हत्या. "तू कांद्याच्या गावची, मी पण कांद्याच्या गावची, आम्हाला कांदातुडवे म्हणतात" असं सांगत होत्या. म्हणून आधी स्वतःकडे आणि मग गावाकडे बोट.

ज्या वस्तीत तुम्ही चुकलात तिला गेर्टनरश्टाट म्हणतात, माळ्यांचं गाव. बांबेर्गचे तीन भाग, टेकडीवरचं बिशपांचं, बेटावरचं व्यापाऱ्यांचं आणि हे माळ्यांचं. १९९३ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं त्यात ही शेतंसुद्धा आली. माळ्यांचं एक छोटं संग्रहालयही तिथं आहे, जुन्या माळ्याच्याच घरात. त्याच्या नावात माळ्यांबरोबर 'हेकर' आहेत, म्हणजे द्राक्षमळेवाले. पूर्वी बांबेर्गच्या टेकड्यांवर द्राक्षबागा होत्या. कांदा आणि द्राक्षं, सांगा आता हे कुठल्या जिल्ह्याचं वर्णन झालं? पूर्वी ज्येष्ठमधही पिकायचं तिथं, त्यासाठी ते गाव प्रसिद्ध होतं.

जाणाऱ्यांसाठी: बायर्न-तिकीट काढा, दिवसभर बव्हेरिया या इथल्या राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांना चालतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. रविवारी दुकानं बंद असतात, खायचं आधी घेऊन ठेवा.

गोदाकाठची

मी आत्ता स्वयंपाकघरात उभी राहून हे वाचलं आणि मोठ्यानं हसले. मुलगी धावत आली काय झालं म्हणून. तिला पाय आपटून दाखवले. कांदातुडव्या आजी!

निफाडचा शेतकरी

नमस्कार मंडळी. मी फक्त वाचत असतो, पण हा विषय घरचा निघाला म्हणून लिहितोय.

ताई, माना मोडणं आमच्याकडंबी आहे. उन्हाळ कांदा असला तर काही करावं लागत नाही. कांदा पोसला की मान मऊ पडते आणि पात आपोआप आडवी होते. निम्म्या माना पडल्या की काढणी धरायची. पण पावसाळी कांद्याचं तसं नाही. लाल कांदा हवेतल्या ओलीमुळं वाढतच राहतो, पात हिरवीगार, मान ताठ. तो तसाच काढला तर मान जाड राहते आणि कांदा टिकत नाही. म्हणून काढणीच्या आधी पत्र्याचा रिकामा पिंप वावरातून फिरवतात, त्यानं माना मोडतात. माझा आजा पायानंच मोडायचा, वाफ्यावाफ्यानं. ते तुमच्या जर्मन आजींचं ऐकून त्याचीच चाल डोळ्यासमोर आली. एक पाय इकडं, एक तिकडं, तेच.

पण त्यांची एक गोष्ट मला पटत नाही. पात तुडवली की कांदा मोठा होतो म्हणतात, ते उलटं आहे. कांदा पोसतो पातीवर. पातीतच अन्न तयार होतं आणि खाली उतरतं. लवकर तुडवली तर पोसायचा थांबतो, बारीक राहतो. तुडवायची ती टिकण्यासाठी, मोठा होण्यासाठी नाही. आणि पूर्ण पोसल्यावरच तुडवायची. नंतर काढून तीन-चार दिवस वावरातच पातीसकट वाळू द्यायचा. एका ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात झाकायची, म्हणजे ऊन लागत नाही. मग मान दोन बोटं ठेवून पात कापायची. मान अगदी मुळाशी कापली की तिथूनच सडतो. साठवणीच्या चाळीतला कांदा खराब निघाला की लोक हवामानाला बोल लावतात, पण निम्म्या वेळा गडबड मान कापण्यात असते.

चौकस

@निफाडचा शेतकरी, हे कुठल्याही संग्रहालयापेक्षा चांगलं समजावलंत. मी चार वर्षं मखमलाबादला राहतोय आणि वावरात पिंप फिरताना पाहिलाय. मला वाटायचं जमीन सपाट करताहेत.

एर्लांगेनकर

@निफाडचा शेतकरी, हा मुद्दा मी इथल्या लोकांना नक्की विचारणार. कदाचित त्यांचीही खरी रीत टिकवण्यासाठीचीच असेल आणि बाहेरच्यांनी सांगता सांगता 'मोठा होतो' असं केलं असेल. टोपणनाव देणारे शेती करणारे नव्हते ना!

उगाचच

त्या दोन कांद्यांचं काय झालं ते राहिलंच.

गोदाकाठची

हॉटेलात स्वयंपाकघर नव्हतं. एक कांदा त्याच रात्री फोडून मीठ-तिखट लावून पावाबरोबर खाल्ला. सोबतचे तिघं म्युनिकहून दमून आले होते, त्यांनाही दिला. गोडसर होता, आपल्या कांद्यासारखा झणझणीत नाही. दुसरा इथं आणायचा होता, पण वनस्पती न्यायचे नियम आठवले, मग आमच्या प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना देऊन आले. त्या म्हणाल्या, "कांदा भेट?" मी म्हटलं बांबेर्गचा आहे, आणि त्या पण पाय आपटायला लागल्या! तेव्हासुद्धा मला कळलं नाही. वाटलं या भागातल्या लोकांना कांदा बघून नाचायची सवय आहे.

@निफाडचा शेतकरी, दादा, तुमच्याकडे पिंप कधी फिरतो? मुलीला घेऊन यायला आवडेल.

निफाडचा शेतकरी

या की ताई. पोळ, म्हणजे पावसाळी कांदा माझा पंधरा दिवसांत काढणीला येतोय. पाऊस नाही आला तर पुढच्या आठवड्यात पिंप फिरवीन. जेवायलाच या, ठेचा-भाकरी आणि कांदा.

एर्लांगेनकर

दादा, पिंप फिरवतानाचा व्हिडिओ काढून टाकाल का? मी या शनिवारी मोकळा आहे, बांबेर्गला जाऊन त्या आजींना दाखवतो. ताई, फाटक कुठलं ते आठवतंय का?

गोदाकाठची

खरंच जाल? स्टेशनाच्या जवळच, एकसारख्या बुटक्या घरांची सरळ गल्ली आहे. घराचा नंबर माहीत नाही. फाटक करड्या रंगाचं, आतल्या बाजूला भिंतीवर पत्र्याच्या झाऱ्या टांगलेल्या होत्या, सहा-सात तरी. दुपारी चारनंतर बसल्या होत्या. त्यांना सांगा की नाशिकच्या बाईला आता कळलं. आणि कृपया कांदे घ्या त्यांच्याकडून, पैसे देऊन. दोन माझ्या नावाचे.

मास्तरीण

आणि वेळ झाला तर कॅथेड्रलमध्ये जाऊन समाधीचा जवळून फोटो काढा, फाळ नीट दिसेल असा.

सिडकोचे काका

एकट्यानं फिरण्याचा धागा होता, आता बांबेर्गला निम्मं नाशिक निघालं आहे!

निफाडचा शेतकरी

पाऊस नाही आला तर पिंप उद्याच फिरवतो, म्हणजे शनिवारच्या आत व्हिडिओ येईल. पोराला मोबाईल धरायला सांगतो. आणि आजा चालायचा तसा दोन वाफे मी पायानंबी मोडून दाखवतो, आजींना ते जास्त कळेल. आत्ता रात्रीची लाईट आलीय, द्राक्षाला पाणी द्यायला निघालो.